इटलीतले डोंगराळ पण शांत रस्ते : सायकलवाल्यांनो, सल्ला हवाय

उताराचा राजा | ९ जून

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर मी आणि बायको इटलीत सायकल चालवायला जातोय. हातात नऊ दिवस आहेत. वय ५३ आणि ५०. राहतो पुण्यात, मूळचे कोल्हापूरचे. आजवरची कमाई म्हणजे वरंधा, आंबेनळी, दिवेआगर ते मालवण किनाऱ्यालगत आणि दर रविवारी सिंहगड. चढाची भीती नाही. हिला तर अजिबातच नाही. माझं टोपणनाव वाचून काय ते समजा. भीती आहे ती गाड्यांची.

ओळखीतला एक जण गेल्या वर्षी टस्कनी प्रांतातल्या कियांतीत जाऊन आला आणि वैतागून परतला. फ्लॉरेन्सहून सिएनाला जाणारा तो प्रसिद्ध रस्ता त्याने नेमका रविवारी धरला. दिवसभर मोटरसायकलींचे थवे अंगावरून जात होते म्हणे. "द्राक्षमळे दिसले, पण बघता आले नाहीत," हे त्याचे शब्द.

तर रोज ६०-७० किलोमीटर, हजारेक मीटर चढ, मुक्कामाला एखादं गाव आणि कमीत कमी गाड्या, असा कुठला भाग आहे का? टस्कनी सोडून दुसरीकडे जावं का?

---

तोरिनोकर | ९ जून

अकरा वर्षं इथे आहे, त्यातली नऊ सायकलवर. तुमचा प्रश्नच जरा फिरवून मांडतो. "कुठला भाग शांत" असं विचारू नका, "कुठला रस्ता" असं विचारा. टस्कनीत निर्जन रस्ते भरपूर आहेत आणि आडबाजूच्या मोलिझे प्रांतातही एखादा हमरस्ता ट्रकने भरलेला असतो.

इथल्या रस्त्यांचा एक साधा नियम मला दोन-तीन वर्षांनी उमगला. हमरस्त्याला बोगदा मिळाला की जुना रस्ता आपला. कात्रजचा नवा बोगदा आणि जुना घाट आठवा. फक्त इथे जुन्या घाटावर खरोखरच कुणी उरत नाही.

मार्के प्रांतातली फुर्लोची खिंड घ्या. रोमनांचा फ्लामिनिया मार्ग त्या खिंडीतून जायचा. सम्राट व्हेस्पेसियनच्या काळात, इ.स. ७६-७७ च्या सुमारास, कातळ फोडून केलेला बोगदा आजही तिथे आहे आणि तुम्ही त्यातून सायकल नेता. गाड्या कुठे आहेत? शेजारच्या डोंगराच्या पोटात, नव्या बोगद्यात. खाली हिरवं पाणी, दोन्हीकडे उभे कडे, आणि ऐकू येते ती फक्त आपली साखळी.

रादिकोफानीचंही तेच. रोमला जाणारा जुना कासिया रस्ता या किल्ल्याच्या गावावरून जायचा. तेराव्या शतकात गीनो दि ताक्को नावाचा दरोडेखोर इथेच बसून वाटसरूंना लुटायचा, म्हणजे रहदारी किती असेल बघा. आता कासिया खालून, पालिया नदीच्या खोऱ्यातून जातो. वरचा रस्ता तसाच आहे, गाड्या मात्र नाहीत. चढ लांबलचक, पण सरळमार्गी.

उंब्रिया प्रांतात तिबेर नदीच्या खोऱ्यातून ई-४५ नावाचा चौपदरी रस्ता जातो. त्यावर सायकलला बंदी आहे आणि सगळे ट्रक त्याच्यावर. त्यामुळे शेजारचा जुना तिबेरिना रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो.

नकाशा उघडलात की आधी जाड रेघ शोधा. मग तिच्या शेजारून वळसे घेत जाणारी बारीक रेघ बघा. तीच धरायची.

---

भिंगरी | ९ जून

सरळ डोलोमाइट्सला जा की! स्तेल्व्हिओ, ४८ वळणं, २७५८ मीटर. आयुष्यात एकदा तरी.

---

तोरिनोकर | ९ जून

@भिंगरी, स्तेल्व्हिओ डोलोमाइट्समध्ये येत नाही. आणि शांत? ऑगस्टमध्ये तिथे मोटरसायकलींची जत्रा असते. त्यांनी टेकड्या मागितल्यात, तुम्ही हिमालय देताय.

---

टपरीवरचा चहा | १० जून

राजे, टस्कनी सोडू नका. टस्कनीतली कियांती सोडा आणि सिएनाच्या दक्षिणेला उतरा.

मी एप्रिलमध्ये गेलो होतो. सिएनाहून अशानोकडे जाणारा लाउरेताना रस्ता आहे, २५-एक किलोमीटर. या भागाला क्रेते सेनेसी म्हणतात. करड्या चिकणमातीच्या टेकड्या, त्यावर गहू, मधूनच एखादं एकटं सायप्रसचं झाड, आणि सावली शून्य. सकाळी दोन तासांत मला सात गाड्या भेटल्या. मोजल्या, कारण दुसरं काही करायला नव्हतं.

अशानोहून त्रेक्वांदा, पेत्रोयो करत पिएन्झाला जा. पिएन्झा ते सान क्विरिको हा रस्ता मात्र टाळा. तिथे टूर बस असतात, शिवाय फोटोसाठी अचानक ब्रेक मारणारे भाड्याच्या गाडीवाले. ओर्चा नदीचं हे खोरं २००४ पासून जागतिक वारसा आहे, त्याची किंमत त्या एका रस्त्याने मोजली. दोन डोंगर पलीकडे मोंतिक्किएल्लोला जाणारा रस्ता बघा. तोही कॅलेंडरवर असतो, पण सकाळी आठच्या आधी तिथे फक्त कुत्रा फिरवणारे आजोबा भेटतात.

चढाबद्दल एक सावधगिरी. इथे सिंहगडासारखा एक सलग चढ नसतो. प्रत्येक गाव टेकडीच्या टोकावर. जेवायला चढा, उतरा, पाणी भरायला चढा, उतरा. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचा, पण संध्याकाळी बेरीज हजारावर गेलेली असते. शेवटचा, म्हणजे मुक्कामाच्या गावात शिरणारा, नेहमी सगळ्यात उभा. तेव्हा ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) लावून घ्या आणि लाज बाळगू नका.

---

चेन पडली | १० जून

पांढऱ्या रस्त्यांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? स्त्रादे बियांके! त्यासाठी तर लोक तिथे जातात.

---

टपरीवरचा चहा | १० जून

बोलणारच होतो. सिएनाभोवतीचे बरेच शेतरस्ते डांबरी नाहीत, पांढऱ्या खडीचे आहेत. ते उरले याचं श्रेय बरंचसं सायकलवाल्यांचं. १९९७ मध्ये गायोले इन कियांती या गावातून जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली, 'लेरोइका'. हेतू हा की या रस्त्यांवर डांबर पडू नये. १९८७ पूर्वीची सायकल लागते, गिअरची दांडी फ्रेमवर, पायाला पट्टे, ब्रेकच्या वायरी बाहेरून. पहिल्या वर्षी ९२ जण आले, आता हजारो येतात. २००७ पासून व्यावसायिकांची शर्यतही याच रस्त्यांवर होते. ती मार्चमध्ये असते आणि सिएनाच्या शिंपल्यासारख्या चौकात संपते. त्याआधी सांता कातेरिना गल्लीचा १६ टक्के चढ. मी तिथे सायकल ढकलत नेली, वरून एक आजीबाई जाताना हसल्या.

लेरोइकाचा सुमारे २०९ किलोमीटरचा मार्ग वर्षभर पाट्यांसह खुला असतो, त्याचे तुकडे करून चालवा. ब्रोलियो किल्ल्याकडचा सायप्रसच्या झाडांमधला चढ तर कराच. पण राजे, तुमच्या तारखा बघा. ही फेरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असते. त्या आठवड्यात गायोले परिसरात खोली मिळणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात लॉज शोधणं.

---

चेन पडली | १० जून

२५ मिलिमीटरचा टायर चालेल ना पांढऱ्या रस्त्यावर?

---

टपरीवरचा चहा | १० जून

कोरड्यात चालेल, पण मजा येणार नाही. २८ किमान, ३२ असेल तर निवांत. आणि पाऊस पडला तर कितीचाही असो, डांबरावर या. ती चिकणमाती आपल्या काळ्या मातीची सख्खी बहीण आहे. चाक आणि फ्रेमच्या मध्ये बसली की सायकल खांद्यावर.

---

रमाकाकू | ११ जून

उंब्रियाला कुणी वाली नाही का? आम्ही चौघी मैत्रिणी गेलो होतो, सगळ्या साठीच्या आसपास. दोघींकडे बॅटरीच्या सायकली होत्या. कुणी नाक मुरडू नये म्हणून सांगते, सगळ्यात जास्त आइस्क्रीम त्यांनीच खाल्लं.

स्पोलेतोहून नोर्चाला जाणारी एक लहान रेल्वे होती, १९२६ ते १९६८. आपल्या नेरळ-माथेरानची थोरली बहीण समजा. रूळ काढून आता तिथे सायकलची वाट आहे, ५१ किलोमीटरची. डोंगर चढवायला रेल्वे गोल गोल फिरवली आहे, बोगद्यात शिरा, वळा, आणि बाहेर पडलात की आत्ताच पार केलेला पूल खाली दिसतो. एकूण १९ बोगदे. सगळ्यात मोठा सुमारे दोन किलोमीटरचा, आत काळोख आणि मे महिन्यातही हुडहुडी. हेडलाइट चांगला हवा, जाकीट हाताशी हवं. पृष्ठभाग खडीचा. २०१६ च्या भूकंपाने नोर्चाकडच्या भागाची मोडतोड झाली, त्यामुळे निघण्याआधी स्पोलेतोत विचारून घ्या कुठपर्यंत सलग जाता येतं. आम्ही अर्ध्यातून नेरा नदीच्या खोऱ्यात उतरलो.

आणि शाकाहारी असाल तर उंब्रिया बरा. मसूर तिथला प्रसिद्ध, कास्तेल्लुच्चोचा. 'तोर्ता अल तेस्तो' म्हणजे तव्यावरची जाड भाकरीच, मध्ये भाजी नाहीतर चीज भरून देतात. टस्कनीचा पाव मात्र बिनमिठाचा. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं बेकरीवाला विसरला. दुसऱ्या गावातही विसरला तेव्हा शंका आली.

---

माणगावकर | ११ जून

उंब्रियाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी सायकल चालवत नाही.

तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचं गाव आहे, टेकडीवर, तटबंदीचं. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, त्या परिसरात नाईक यशवंत घाडगे पडले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. आमच्या तालुक्यातले, पळसगावचे, वय २२. त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि नायकाखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले, ग्रेनेडने ती गन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे.

माणगावात त्यांचा पुतळा आहे, त्याच्यासमोरून लहानपणी शाळेत जायचो. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेत त्यांच्या नावाचं स्मारक झालं. ते सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमध्ये 'सगळे एकाच सूर्याखाली' अशा अर्थाचं वचन आहे.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर पाच मिनिटं थांबा, एवढंच.

---

उताराचा राजा | ११ जून

माणगावकर, हे मला माहीत नव्हतं. मार्ग मोंतोनेवरून नेतो, बाकीचं काहीही गळलं तरी.

---

तोरिनोकर | ११ जून

तुम्ही कोल्हापूरचे आहात म्हणून आणखी एक. फ्लॉरेन्सला उतरलात तर आर्नो नदीच्या काठाने कास्चिने बागेच्या पश्चिम टोकापर्यंत सायकल न्या. सपाट, गाड्या नाहीत, पाय मोकळे करायला उत्तम. टोकाशी छत्रीखाली तुमच्या राजाराम महाराजांचा अर्धपुतळा आहे. युरोपहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते फ्लॉरेन्समध्ये वारले, आणि दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. शेजारच्या पुलालाही 'इंडियानो' म्हणतात. तिथे धावायला येणाऱ्यांना विचारा, निम्म्यांना हा इंडियानो कोण ते माहीत नसतं.

मराठे सैनिक इतरत्रही लढलेत. नामदेव जाधवांचा व्हिक्टोरिया क्रॉस रोमान्यातल्या सेनिओ नदीवरचा, ९ एप्रिल १९४५. त्या नदीच्या उगमाकडच्या टेकड्याही सायकलला छान आहेत, पण मे २०२३ च्या पुरात तिथले डोंगररस्ते ठिकठिकाणी खचले होते. गेलात तर आधी चौकशी करा.

---

चेन पडली | १२ जून

तोरिनोकर, तुमच्या दाराशी लांगेच्या टेकड्या आहेत, त्यांबद्दल गप्प का?

---

तोरिनोकर | १२ जून

स्वार्थ, दुसरं काय! बरं, सांगतो. आल्बा, बारोलो, ला मोर्रा हा द्राक्षांचा पट्टा सुंदर आहे यात वाद नाही. २०१४ मध्ये त्यालाही जागतिक वारशाचा शिक्का मिळाला. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेली द्राक्षं आणि त्यांचा राडा. उतारावर त्या लगद्यावरून चाक घसरतं, मी एकदा कोपर सोलून घेतलंय. त्यातच ऑक्टोबरात पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी) जत्रा सुरू होते आणि खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात.

मी दक्षिणेला जातो, आल्ता लांगात, बोस्सोलास्को, मुरात्सानोकडे. तिथे द्राक्षं संपतात आणि हेझलनटच्या बागा लागतात. नटेला बनवणारी कंपनी आल्बाचीच, म्हणजे बागा का आहेत ते कळलं. उंची वाढते, माणसं कमी होतात.

आणि सायकलपटू फाउस्तो कोप्पीचं गाव. तोर्तोनाजवळच्या टेकड्यांत कास्तेल्लानिया. मूठभर घरं. १९१९ मध्ये तो इथे जन्मला, आणि २०१९ मध्ये जन्मशताब्दीला गावाने अधिकृतपणे नावच बदलून घेतलं, कास्तेल्लानिया कोप्पी. पाच वेळा जिरो, म्हणजे इटलीची मोठी सायकलशर्यत, जिंकणारा माणूस शेवटी मलेरियाने गेला, जानेवारी १९६० मध्ये, आफ्रिकेहून परतल्यावर. निदानच झालं नाही. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या डॉक्टरने ओळखला असता, असं मला दर वेळी वाटतं. तिथले रस्ते इतके रिकामे आहेत की चढावर स्वतःशी मोठ्याने बोललं तरी चालतं.

---

रमाकाकू | १२ जून

दुपारचं सांगायचं राहिलं. एक ते तीन सगळी इटली जेवायला बसते. रस्ते ओस पडतात, चालवायला झकास. पण दुकानंही बंद! साडेबाराच्या आत पाव, टोमॅटो, केळी पिशवीत टाका, नाहीतर चारपर्यंत उपास.

---

उताराचा राजा | १३ जून

दंडवत! आता कच्चा मार्ग असा. फ्लॉरेन्स (महाराजांना मुजरा), ट्रेनने सिएना, मग अशानो, पिएन्झा, मोंतेपुल्चानो, कोर्तोना, उंबेर्तिदे, मोंतोने, पिएत्रालुंगा, गुब्बिओ. ट्रेनमध्ये सायकल, रस्त्याचे कायदे, कुत्री, यावर काही?

---

तोरिनोकर | १३ जून

ट्रेन : साध्या प्रादेशिक गाडीवर सायकलचं चित्र असेल तर ती चढवता येते, तिचं वेगळं तिकीट साडेतीन युरो. वेगवान गाड्यांत सुटी करून पिशवीत. गुब्बिओला स्टेशन नाही, १८-२० किलोमीटरवर फोस्सातो दि विको आहे, तिथून रोमची गाडी मिळते.

कायदा : गावाबाहेर एकामागे एक. नवरा-बायकोच्या गप्पा चढावर बंद. बोगद्यात, तसंच अंधार पडल्यावर गावाबाहेर, चमकणारं जाकीट सक्तीचं. हेल्मेटची सक्ती नाही, पण घालालच. रस्त्याच्या पाटीचा रंग हिरवा म्हणजे द्रुतगती मार्ग, सायकलला प्रवेश नाही. सिएना-फ्लॉरेन्स चौपदरी रस्ताही वर्ज्य. मोबाइल कधी कधी तिकडे ढकलतो, ऐकू नका.

शिकार : हे कुणी सांगत नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर हंगाम असतो. मंगळवार आणि शुक्रवार पूर्ण बंद. जंगलातला टप्पा त्या दिवशी ठेवला तर बंदुकीच्या आवाजाने दचकायचं काम नाही. भडक रंगाचा टीशर्ट घाला.

कुत्री : मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठी पांढरी कुत्री असतात, मारेम्माची. सायकल पळवायला जाऊ नका, हरणार. उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि तुमच्या मध्ये धरा, हळू चालत जा. ती मेंढ्या राखतात, तुम्ही मेंढी नाही एवढं त्यांना पटलं की सोडतात.

---

उताराचा राजा | १४ ऑक्टोबर

मंडळी, परत आलो. दोघंही धडधाकट. एकूण ४६० किलोमीटर, चढाची बेरीज ७८०० मीटर. एक पंक्चर, तेही गुब्बिओच्या चौकात, उभ्या उभ्या.

सायकली भाड्याने घेतल्या होत्या. दुकानाचं नाव घेत नाही, पण कबूल केलेल्या ३४ ऐवजी २८ दातांची कॅसेट निघाली आणि "पाय मजबूत दिसतात" असं वर ऐकवलं. तुमचं दुकान कुठलंही असो, हातात घेताना दात मोजा.

सिएना-अशानो पावसात. टपरीवाल्यांचं ऐकून पांढरा रस्ता सोडला होता, तरी एका ठिकाणी मोह झाला. चारशे मीटर. त्यानंतरचा पाऊण तास काटकीने माती काढण्यात गेला. ही म्हणाली, "बार्शीला माझ्या माहेरी असंच होतं, तिथे तू हसला होतास."

मोंतेपुल्चानोनंतर कियानाचं खोरं लागतं. पूर्वीची दलदल, आता कालव्याच्या काठाने सपाट सायकलवाट. सहा दिवसांत पहिल्यांदा शेजारी शेजारी चालवता आलं. खूप बोललो, बहुतेक मुलांबद्दल.

माझा सगळ्यात आवडता रस्ता मात्र इथे कुणीच सुचवला नव्हता. कोर्तोनाच्या मागचा डोंगर ओलांडून मेर्काताले, आणि तिथून निक्कोने नदीच्या खोऱ्याने उंबेर्तिदे. वर चेस्टनटचं जंगल, रस्त्यावर काटेरी फळांचा सडा, मग उतार, उतार आणि उतार. माझं राज्य. शुक्रवार होता, त्यामुळे बंदुकाही गप्प. पूर्ण चढावर दोन गाड्या भेटल्या, त्यातली एक टपालवाल्याची. त्याने हात केला.

तोरिनोकर, तुमची बारीक रेघ सापडते. तिसऱ्या दिवसापासून आम्ही मोबाइलवरचा 'सर्वोत्तम मार्ग' बघणंच सोडलं.

मोंतोनेचा चढ शेवटी शेवटी उभा आहे. वर पोचलो, सूर्यघड्याळ विचारत विचारत सापडलं. हिने वाटेत तोडलेली दोन रानफुलं ठेवली. एक म्हातारे गृहस्थ लांबून बघत होते. जवळ आले, "इंदिया?" विचारलं. आम्ही मान हलवली. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि गेले.

---

माणगावकर | १४ ऑक्टोबर

आभार मानायचे नसतात तरी मानतो. घड्याळावर किती वाजले होते?

---

उताराचा राजा | १५ ऑक्टोबर

ढग होते हो. वीस मिनिटं थांबलो, ऊन काही आलं नाही. पुढे पिएत्रालुंगाचा चढ होता, म्हणून निघालो.